घरात साहेब आहेत

१

बेल वाजली की मी आधी आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायचे, "अहो, बघा हो कोण आलंय," आणि मग स्वतःच दार उघडायला जायचे. आतल्या खोलीत कोणी नसायचं. एक पलंग, एक लोखंडी कपाट आणि खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, संपलं. प्राचीचे बाबा ती बालवाडीत असतानाच गेले. आणि खरं सांगायचं तर ते होते तेव्हाही बेल वाजली म्हणून उठणाऱ्यातले नव्हते, मीच उठायचे.

युक्ती माझी नव्हती. आम्ही अंबरनाथ पश्चिमेची जुनी चाळ सोडून पालेगावच्या या टॉवरमध्ये राहायला आलो, तेव्हा क्लबहाउसमध्ये महिला सुरक्षेचा कार्यक्रम झाला. पोलीस ठाण्यातून एक मॅडम आल्या होत्या. एकट्या राहणाऱ्या बायकांनी दाराबाहेर पुरुषी चपला ठेवाव्यात, गॅलरीत पुरुषाचे कपडे वाळत घालावेत, कुरिअरवाला आला तरी आत कोणाशी तरी बोलल्यासारखं करावं, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मला काही हसू आलं नाही. मी त्या आठवड्यातच उल्हासनगरला जाऊन चपला आणल्या.

दुकानदाराने विचारलं, "साहब का नंबर?" मी म्हटलं, सबसे बडा दे दो. त्याने काढून दाखवल्या त्या चपलांत प्राचीचे बाबा दोन्ही पाय एकीतच घालून उभे राहिले असते. म्हटलं, घ्यायचाच तर दणकट घ्यावा ना! शर्टही तसेच घेतले, मोठे, गडद रंगाचे. दर रविवारी मी ते कोरे शर्ट बादलीत बुचकळायचे, पिळायचे आणि समोरच्या गॅलरीत, रस्त्यावरून दिसतील असे वाळत घालायचे. कोणी बघितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं.

गेटवरच्या संतोषला मी सांगितलं होतं की साहेबांची रात्रपाळी असते, त्यांना न्यायला-आणायला कंपनीची गाडी मागच्या गेटला येते, आणि दिवसा ते झोपतात. भांडी घासायला येणाऱ्या सुंदराबाईला सांगितलं की आतल्या खोलीचं दार लोटलेलं असेल तर तिकडे फिरकायचं नाही. साहेबांना आवाज चालत नाही. परका माणूस दारात उभा राहिलेला तर मुळीच चालत नाही, फार तापट आहेत. एकदा सुरुवात केली की तोंडाला लगाम राहत नाही माझ्या. नवरा बनवायचाच होता, तर मी कशाला भित्रा बनवू?

२

हे सगळं कशासाठी, तर प्राचीसाठी.

आमच्या इमारतीत अर्ध्याहून जास्त फ्लॅट रिकामे आहेत. लोकांनी घेऊन ठेवलेत, राहायला कोणी येत नाही. आमच्या मजल्यावर तर आम्हीच. प्राची तेव्हा उल्हासनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती. एका संध्याकाळी रिक्षा स्टँडपासून एक माणूस तिच्या मागे मागे आला. गेटमधून आला, लिफ्टमध्येही आला. तिने बटण दाबलं तेव्हा त्याने दुसरं कुठलंच दाबलं नाही. ही पोरगी भलत्याच मजल्यावर उतरून जिन्याच्या आडोशाला बसून राहिली, तोंडावर हात दाबून. मी शोधत गेले तेव्हा तिला उठताच येईना.

त्या माणसाचं पुढे काही कळलं नाही. कॅमेऱ्यात त्याची नुसती टोपी दिसली. पण माझी मुलगी त्या दिवसानंतर घराबाहेर पडली नाही. लॅब सोडली. मी एमआयडीसीत एका कंपनीच्या डिस्पॅचला आहे, मला घरी बसून चालणार नव्हतं. मी कामाला गेले की ती बाथरूममध्ये कडी लावून बसायची, सुंदराबाईची बेल वाजली तरच बाहेर यायची. जेवण अंगाला लागेना. रात्री तीन वेळा उठून दाराची साखळी बघून यायची. आईला दुसरं काय पाहिजे असतं हो? मूल निर्धास्त झोपलेलं बघायला मिळावं, बस.

म्हणून मी तिला म्हटलं, "आत कोणीतरी आहे असं समजायचं, प्राची. नुसतं लोकांना दाखवायला नाही. तूसुद्धा समजायचं. म्हणजे भीती वाटत नाही."

३

आणि भीती गेली की! महिनाभरात पोरगी बदलली. बाथरूममध्ये बसणं बंद झालं. केस विंचरायला लागली, गालावर तुकतुकी आली. मी कामावरून यायचे तर हॉलमध्ये पंख्याखाली मटार सोलत बसलेली असायची, दार सताड उघडं, नुसता जाळीचा सेफ्टी डोअर लावलेला. मी मनातल्या मनात त्या पोलीस मॅडमना हात जोडले.

चपलांचं माझ्या लक्षात आलं ते केर काढताना. दारातल्या चपला झाडूने सरकवल्या आणि थबकले. अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. टाचेकडची बाजू एका अंगाने झिजली होती, वजनदार माणूस पाय फेंगडा टाकत चालतो तशी. मी त्या आणल्या तशाच तिथे ठेवलेल्या, कोणी कधी घातल्याच नव्हत्या.

मला वाटलं, संतोष. पाण्याच्या टाकीवर जाताना हा बाबा माझ्याच दारातल्या चपला पायात सरकवून जात असणार. तडक खाली गेले आणि त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा आपले बूट दाखवायला लागला. म्हणाला, "मॅडम, मैं क्यू पेहनूंगा? साहेबांच्या चपलेत माझे दोन पाय मावतील." मी ओशाळून वर आले. मग म्हटलं, रबराचा माल, उन्हाने बसला असेल. उल्हासनगरचा माल आहे, किती टिकणार? दारात ऊन येत नाही हे माझ्या ध्यानात होतं, पण मी त्याचा विचार पुढे नेला नाही.

४

पुढच्या रविवारी शर्ट बादलीत टाकले. बुचकळले, वर काढले आणि कॉलरकडे बघत बसले.

कॉलरला आतून काळी रेघ होती. मानेच्या मळाची. माझी हयात गेली आहे अशा रेघा ब्रशने घासण्यात, आधी वडिलांच्या, मग नवऱ्याच्या, त्यामुळे धूळ कुठली आणि मळ कुठला हे मला कोणी शिकवायला नको. दुसऱ्या शर्टालाही तशीच रेघ. काखेत घामाचा पांढरा मिठाचा डाग. मी शर्ट नाकाशी नेला. नेला नसता तर बरं झालं असतं. तंबाखूचा वास होता, आणि त्याखाली माणसाचा. प्राचीचे बाबा सुपारीच्या खांडालासुद्धा शिवत नसत.

बाहेर रस्त्यावर कोणाच्या तरी गाडीचा रिव्हर्सचा आवाज वाजत होता. प्राची स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, लाटणं पोळपाटावर फिरत होतं. सगळं रविवारसारखं होतं. मी शर्ट घासले, खूप घासले, हाताची सालं निघेपर्यंत, आणि वाळत घातले.

मग डोकं चालवलं. मुलगी अचानक खुलली आहे. दुपारी घरात एकटी असते. शर्ट वापरले जातायत. याचा अर्थ लावायला काही फार अक्कल लागत नाही. कोणीतरी पोरगा येत असणार! मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, हायसं वाटलं मला. पोरगा असेल तर त्याचं नाव असेल, गाव असेल, आईबाप असतील. त्याला समोर बसवून चार गोष्टी सुनावता आल्या असत्या.

५

मी संतोषला विचारलं. सरळ नाही, आडून. माझ्या मागे आमच्याकडे कोणी पाहुणे वगैरे येतात का. तो म्हणाला, कोणी नाही. मी कॅमेरा बघायला मागितला. सोसायटीच्या ऑफिसात बसून त्याने मला मागच्या कितीतरी दुपारी पळवून दाखवल्या. आमच्या मजल्याचा पॅसेज रिकामा. सुंदराबाई येते, जाते. एक डिलिव्हरीवाला येतो. आमचं दार कॅमेऱ्यात दिसत नाही, फक्त पॅसेजचं तोंड दिसतं. डिलिव्हरीवाला पुडकं घेऊन आत वळतो आणि लगेच बाहेर येतो, जवळजवळ पळत. लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरतो.

तो पोरगा नेहमीचा होता, आमच्या भागात तोच येतो. दोन दिवसांनी गेटवर भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, त्या दिवशी पुडकं कोणाला दिलंस? तो गाडीवरून उतरला नाही. म्हणाला, "साब ने लिया ना." मी विचारलं, कसे दिसतात साहेब? तो माझ्याकडे बघायला लागला. बाई स्वतःच्या नवऱ्याबद्दल असं का विचारतेय, असं त्याला वाटलं असणार. मग म्हणाला, दरवाजा जरासा उघडला होता, आत अंधार होता, नुसता हात बाहेर आला. आणि गाडी चालू करून म्हणाला, "आपका अगला पार्सल मैं गेट पे ही छोडूंगा, मॅडम."

मी लिफ्टमध्ये शिरले आणि मजल्याचं बटण दाबायचं विसरून तशीच उभी राहिले.

६

त्या संध्याकाळी मी प्राचीला समोर बसवलं. कोण येतं इथे, खरं सांग, मी मारणार नाही, असं म्हटलं. ती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. कोणीच येत नाही म्हणाली. शपथ घातली मी तिला. तिने सहज घेतली, डोळ्याला डोळा भिडवून. खोटं बोलताना तिचा खालचा ओठ हलतो, लहानपणापासूनचं आहे ते. त्या दिवशी हलला नाही.

"मग पुडकं कोणी घेतलं?"

"बाबांनी."

तीच पुढे म्हणाली, समजावल्यासारखं, "तूच सांगितलंस ना आई, आत कोणीतरी आहे असं समजायचं. मी समजते."

मी उठून आतल्या खोलीत गेले. दिवा लावला. पलंग, कपाट, खुर्ची. खुर्चीवरचे इस्त्रीचे कपडे कोणीतरी उचलून पलंगाच्या कडेला नीट ठेवले होते, बसायला जागा केल्यासारखे. खुर्चीची गादी दबलेली होती. मी हात लावून बघितलं नाही. कपाट उघडलं, पलंगाखाली वाकून बघितलं, पडदा झटकला. कोणी नव्हतं. मी स्वतःशीच म्हटलं, उमा, पोरीच्या मनावर परिणाम झालाय. शर्ट तीच घालते. चपला तीच घालते. दाराच्या फटीतून हात तिनेच बाहेर काढला, डिलिव्हरीवाला आधीच घाबरट. डॉक्टर गाठला पाहिजे. हे सगळं अगदी पटण्यासारखं होतं. तंबाखूचं तेवढं पटत नव्हतं, म्हणून मी ते सोडून दिलं.

जेवायला हाक मारली तर प्राची म्हणाली, आम्ही दुपारीच जेवलो. मी एकटीच जेवले.

७

सुंदराबाई पालेगाव गावातलीच. इथल्या टॉवरखाली जी शेतं गेली त्यातलं एक तिच्या सासऱ्याचं. बोलायला फटकळ, माझं तिचं छान जमायचं. त्या आठवड्यात तिने काम सोडते म्हणून निरोप पाठवला. मी कामावर जाताना मुद्दाम गावात तिच्या घरी गेले. ओट्यावर बसून ती वाल निवडत होती. मी म्हटलं, पगार वाढवून देते. ती नाही म्हणाली. मी म्हटलं, आमचे साहेब काही बोलले का तुला? खोटं इतकं अंगवळणी पडलं होतं की मी तिच्यासमोरही तसंच बोलले.

तिने वाल बाजूला ठेवले.

"तुमी बोलल्या साहेब तापट हायेत. तापट माणसाचं मना काय नाय, आमचा घरधनी बी तापट होता. पन ह्यो रागवत नाय, बाई. बगत बसतो. पोरगीच्या मागं खुर्ची घेऊन बसतो न् दाराकडं बगत बसतो. मी आत येताना मना बगतो. तुमची पोर त्याला इचारते, हिला आत घेऊ का?"

मी विचारलं, तोंड पाहिलंस का त्याचं. तिने वाल पुन्हा पुढ्यात ओढले आणि निवडायला लागली. मी उठले तेव्हा एवढंच म्हणाली, पोरीला तिथनं काढा.

त्या क्षणी माझ्या डोक्यातून डॉक्टर, मनावरचा परिणाम, सगळं गळून पडलं. सुंदराबाई काही भीतीने आजारी पडलेली मुलगी नव्हती. तिने पाहिलं होतं.

मी कामावर गेले नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून भावाला, भूपेशला फोन लावला. तो चामटोलीला असतो, घर मोठं आहे, माणसांनी भरलेलं आहे. म्हटलं, प्राचीला घेऊन येते, थोडे दिवस राहू. त्याने का म्हणून विचारलं नाही, नुसतं ये म्हणाला. मग प्राचीला फोन केला. कपडे भर, मी रिक्षा घेऊन येतेय, आपण मामाकडे जातोय.

तिने विचारलं, "आणि बाबा?"

मी ओरडले. भर रस्त्यात ओरडले. तुला बाबा नाही, तुझा बाबा मेला, तो माणूस मी बाजारातून आणलाय, असं काय काय बोलले. ती ऐकत होती. तिच्या मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कोणीतरी फोन तिच्या हातातून अगदी सावकाश काढून घेतला आणि बंद केला.

८

रिक्षावाल्याला खाली थांबायला सांगितलं. संतोषला हाक मारून वर घ्यावं असं वाटलं, पण तो गेटवर नव्हता, आणि मला थांबवत नव्हतं. भरदिवसाची वेळ होती, लख्ख उजेड. लिफ्टचं दार उघडलं तेव्हा पॅसेजच्या टोकाच्या खिडकीतून ऊन फरशीवर पडलेलं होतं. मला त्या उजेडाचा धीर वाटला.

लाकडी दार उघडं होतं. जाळीचा दरवाजा आतून लावलेला. मी किल्ली फिरवली, ती फिरली, पण आतली कडी लावलेली होती. जाळीला डोळा लावला. हॉलमध्ये पंखा चालू होता. प्राची सतरंजीवर बसली होती, पाठमोरी, आणि केस मोकळे सोडून विंचरत होती. तिच्या पलीकडे, आतल्या खोलीच्या दारात, खुर्ची होती. उजेडातून आत बघत होते, म्हणून मला नीट दिसलं नाही. गडद शर्ट दिसला. गुडघ्यावर ठेवलेला एक हात दिसला. खुर्चीत मावत नव्हता इतका मोठा माणूस होता. मान किंचित पुढे काढून तो दाराकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होता. चेहरा असायला हवा तिथे अंधार जास्त होता, खोलीतल्यापेक्षा जास्त.

मी बेल दाबली. माझंच घर, आणि मी बेल दाबली.

प्राची उठली. आधी तिने त्याच्याकडे पाहिलं, आणि मग दाराशी आली. जाळीच्या पलीकडे माझ्यापासून हातभर अंतरावर उभी राहिली. चेहरा शांत होता, कित्येक महिन्यांत इतका शांत पाहिला नव्हता मी. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. कशाचीच भीती नव्हती तिला. जे मी देवाकडे मागितलं होतं ते सगळं तिच्या तोंडावर होतं.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं.

"प्राची, मी. दार उघड. चल लवकर, खाली रिक्षा थांबलीय."

ती माझ्याकडे बघत राहिली. ओळख लपवत नव्हती, खालचा ओठ हलला नाही. बेल वाजवणाऱ्या कुठल्याही बाईकडे बघावं तसं बघत होती, तुसडेपणाने नाही, जराशी सावध.

"आई घरी नाही," ती म्हणाली. "संध्याकाळी येते. बाबा आहेत घरात. त्यांना बोलावू का?"

आत खुर्ची करकरली. तो हात गुडघ्यावरून उचलला गेला. तो उठत होता, घाई नव्हती त्याला, आणि उठणं संपतच नव्हतं.

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. बोलाव म्हणायला हवं होतं. त्याला दारापर्यंत येऊ द्यायचं, कडी काढायला लावायची आणि माझ्या मुलीचा दंड धरून तिला बाहेर ओढायचं. तिथे उभी असलेली कोणतीही आई हेच म्हणाली असती. माझे पाय जिन्याकडे वळले होते, ते कधी वळले मला कळलं नाही.

"नको," मी म्हणाले. "नको, बोलावू नकोस."

प्राचीने मान हलवली. तिला माझ्याबद्दल काय कळायचं ते कळलं. कुठल्या प्रकारची माणसं घरात पुरुष आहे म्हटल्यावर मागे सरतात, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिने लाकडी दार हळूच पुढे लोटलं, आणि आतून एकामागून एक, साखळी, कडी, बोल्ट, सगळं लागल्याचं मी बाहेर उभी राहून ऐकलं.